अनोळखी चेहऱ्यांचं पाकीट

शोभाताईचा स्वभावच तसा होता, त्याला कोणी काय करणार! दूधवाल्याने पाणी नाही टाकलं म्हणून शपथ घेतली की त्या दिवशी ती दूध हटकून दोनदा निरखायची. मागावरचा विणकर पोट दुखतं म्हणून घरी गेला, की तासाभराने कोणाला तरी त्याच्या दारावरून चक्कर मारायला लावायची. मोहाडीत त्यांचं कोसा रेशमाच्या साड्यांचं दुकान आणि मागच्या पडवीत हातमाग. गल्ल्यावर नवरा बाबूलाल बसायचा, मुलगा भूपेंद्र माल घेऊन गावोगाव फिरायचा, पण घरात कोणी शिंकलं तर का शिंकलं हे कळल्याशिवाय शोभाताईला घास जात नसे.

अशा बाईची सून स्कूटीवरून पडली. आणि पडली कुठे, तर बपेऱ्याच्या रस्त्यावर!

सून म्हणजे मंजुषा, करडीच्या जागेश्वररावांची मुलगी. पोरगी कामाला वाघ, बोलायला कमी. त्या दिवशी "तुमसरले दाताच्या डॉक्टरकडे जाऊन येतो" म्हणून निघाली, आणि सापडली तुमसर सोडून, सिहोराही मागे टाकून, बपेऱ्याच्या अलीकडे. स्कूटी रस्त्याकडेच्या धानाच्या बांधीत उलटी आणि ही डांबरावर बेशुद्ध. तिचं माहेर तिकडे नाही, कोणी नातेवाईक तिकडे नाही. बपेरा म्हणजे जिल्ह्याचं टोक, पुढे नदी ओलांडली की मध्य प्रदेश. तिथे या बाईचं काम काय?

भंडाऱ्याच्या दवाखान्यात शुद्धीवर आली तशी शोभाताईने पहिला प्रश्न तोच विचारला.

"कोठी चालली होतीस?"

"आठवत नाही, आई."

"घरून निघाली ते तरी आठवते का नाही?"

"सकाळी चहा मांडला ते आठवते. मंग एकदम हा वरचा पंखाच दिसला."

"असं कसं बाप्पा! चहा आठवते अन् रस्ता आठवत नाही?"

मंजुषा डोळे मिटून पडून राहिली. डोक्याचा सीटी स्कॅन झाला. रक्तस्राव नाही, हाड मोडलेलं नाही, सगळं साफ. मुका मार आहे, आराम करा, होईल बरी, असं म्हणून डॉक्टरांनी घरी पाठवलं. आणि शोभाताईच्या मनात तो शब्द घट्ट बसला. साफ! डोकं साफ आहे म्हणतात, मग आठवत नाही म्हणजे काय? आठवत नाही, की सांगायचं नाही?

ती आधी तुमसरला जाऊन आली. दाताच्या डॉक्टरकडे त्या दिवशी मंजुषा फिरकलीच नव्हती. झालं! शोभाताईला आता एक नावच हवं होतं, आणि तेही सापडलं. भैय्यालाल. हा दलाल बालाघाटकडून रेशमाचे कोश आणायचा, बपेऱ्यावरूनच त्याचं येणं-जाणं. वर एकदा दुकानात बसून म्हणाला होता, "वहिनी, चहा प्यावा तर तुमच्या हातचा." बिचारा सगळ्या दुकानांत असंच बोलत असेल, पण शोभाताईने ते वाक्य जपून ठेवलं होतं.

घरी आल्यावर मंजुषाचं भलतंच सुरू झालं. उजेड सहन होईना. पडवीत माग सुरू झाले की दोन्ही कान दाबून बसायची. वरणात मीठ टाकलं की नाही हे विसरून परत टाकायची. काही बोललं की रडायची, नाही बोललं तरी रडायची. दिवसभर मागच्या अंधाऱ्या खोलीत तोंडावर ओढणी घेऊन पडायची. गल्लीतल्या बायका भेटायला यायच्या, वरून शाबूत बाई पाहायच्या आणि जाताना दारात शोभाताईकडे अशा नजरेने बघायच्या की तिला आणखी चेव यायचा.

"नाटकं आहेत सारी," ती भूपेंद्रला म्हणाली. "विचारू नये म्हणून डोकं दुखते तिचं."

भूपेंद्र आधी बायकोच्या बाजूने भांडला. मग भांडायचा थांबला. मग माल घेऊन बाहेरगावी जास्तच राहू लागला. आणि बाबूलाल, जो घरातल्या गोष्टीत सहसा पडत नसे, तो एक दिवस जेवता जेवता म्हणाला, "खरं सांगत असन तर ठीक. नाहीतर इवायाले, जागेश्वररावले बोलवा, अन् पोरगी करडीले घेऊन जा म्हणा. कायमची." आत खोलीत मंजुषाला ऐकू गेलं असणार. तिने ऐकावं म्हणूनच तो मोठ्याने बोलला होता.

भंडाऱ्याच्या डॉक्टरांनीच नागपूरचं सुचवलं. तिथल्या एका दवाखान्यात डॉक्टर अनुप म्हणून होते. डोक्याला मुका मार लागलेली माणसं कशी बरी होतात, कोणाला लवकर बरं वाटतं आणि कोणाला का नाही, याचा ते अभ्यास करत होते. साध्या स्कॅनमध्ये दिसत नाही ते मोठ्या मशीनमध्ये पाहायचे. मेंदू काम करत असताना त्याचा कोणता भाग जागा होतो, तेसुद्धा त्या मशीनमध्ये दिसतं म्हणे.

"मेंदूच्या आतलं दिसते?" शोभाताईने पुन्हा विचारून घेतलं.

"दिसतं," भंडाऱ्याचे डॉक्टर म्हणाले.

"मंग चला!"

बाबूलालने कटकट केली, पण शोभाताईने त्याला समजावलं. "मशीनचा निकाल येऊ द्या जी. त्याच दिवशी इवायाले बोलवा अन् सोक्षमोक्ष लावून टाका. मंग कोणी म्हणणार नाही का सुनेवर अन्याय केला."

डॉक्टर अनुप तरुण होते, बोलायला साधे. त्यांनी समजावलं, की मशीनमध्ये मंजुषाला चेहरे दाखवायचे. ओळखीचा दिसला तर एक बटण दाबायचं, अनोळखी दिसला तर दुसरं. विचार करत बसायचं नाही, लगेच दाबायचं. तोवर मशीन मेंदू बघत राहणार. त्यासाठी घरच्यांनी दोन पाकिटं आणायची. एकात तिच्या ओळखीच्या माणसांचे फोटो. दुसऱ्यात अशा लोकांचे, जे याच घराच्या वळणाचे आहेत, पण तिने कधीच पाहिलेले नाहीत. आणि कोणाचे फोटो आणले ते तिला आधी सांगायचं नाही.

"खोटं बटण दाबलं तर लाल दिवा लागते का?" शोभाताईने विचारलं.

डॉक्टर हसले. "नाही हो. हे खोटं पकडायचं मशीन नाही."

हे असंच म्हणणार, शोभाताईने मनात म्हटलं. चोराला कोणी आधी सांगतं का, की पोलीस आहे म्हणून!

घरी येऊन ती कामाला लागली. ओळखीच्या पाकिटात आधी घरची माणसं गेली, शेजारची सत्यभामा गेली, आणि मग भैय्यालाल गेला. एका लग्नातल्या मोठ्या फोटोतून कात्रीने त्याला नेमका कापून काढला तेव्हा शोभाताईला जे समाधान वाटलं, ते काही चांगल्या माणसाला शोभणारं नव्हतं. पण वाटलं खरं.

दुसरं पाकीट अवघड गेलं. न पाहिलेले पण घरच्या वळणाचे! कधीच्या मेलेल्या सासूचा तरुणपणीचा फोटो सापडला. रायपूरला गेलेले काका सापडले. जुने, बाहेरगावचे, कोणाकोणाचे जमा केले. तरी एक कमी पडत होता.

शेवटी शोभाताई उठली, खोलीचं दार लोटलं, आणि ट्रंकेतल्या साड्यांच्या तळातून एक फोटो काढला.

तो रीताचा होता. तिच्या पोटच्या मुलीचा. भूपेंद्रचं लग्न व्हायच्या आधी रीता परजातीतल्या एका पोराबरोबर पळून गेली. बाबूलालने अंगणात बसून जिवंत पोरीच्या नावाने अंघोळ केली, जशी मेल्या माणसाच्या नावाने करतात तशी. घरातले तिचे सगळे फोटो चुलीत घातले. आणि सांगितलं, या घरातलं जो कोणी तिच्या उंबऱ्यावर पाय ठेवील, त्याला हा उंबरा बंद. तेव्हापासून तिचं नाव घरात निघालं नव्हतं. सुरतेला गेली म्हणायचे, कोणी म्हणायचे आणखी कुठे. शोभाताईने विचारलं नाही. हा एकच फोटो मात्र तिने चुलीतून वाचवला होता, आणि ते बाबूलालला माहीत नव्हतं.

मंजुषा नंतर घरात आली. तिने रीताला पाहिलं नव्हतं, रीताचं चित्रही पाहिलं नव्हतं. डॉक्टर म्हणतात तसा अगदी नेमका फोटो. ज्या पोरीच्या नावाने अंघोळ झाली, ती या घराला अनोळखीच की नाही? शोभाताईने तो पाकिटात घातला. घालताना तिला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

मशीनच्या दिवशी ती बाहेर बाकावर बसली होती. आतून असा ठकठक आवाज येत होता की शंभर माग एकदम पिसाळलेत असं वाटावं. मंजुषा बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता आणि डोळे ओले होते. शोभाताईने ते बरोबर टिपलं. दिसला वाटतं भैय्यालाल! बघ कशी विरघळली ती! परतीच्या रस्त्यात ती मुद्दाम म्हणाली, "काय काय दाखवलं आतमंदी?"

"माणसं," मंजुषा म्हणाली, आणि खिडकीकडे तोंड फिरवून बसली.

पुढे निकालाचा दिवस ठरला. बाबूलालने करडीला निरोप धाडला, संध्याकाळी या म्हणून. सासू-सून सकाळीच नागपूरला गेल्या. मंजुषाला आणखी एका तपासणीसाठी आत नेलं आणि डॉक्टर अनुपनी शोभाताईला आपल्या खोलीत बसवलं. पडद्यावर मेंदूचं चित्र होतं.

"तुमच्या सुनेला खरोखर मार लागला आहे," ते म्हणाले. "हे बघा. मेंदूच्या एका भागातून दुसऱ्या भागात निरोप नेणारे बारीक तंतू असतात. ते तुटले नाहीत, पण ताणले गेलेत. साध्या स्कॅनमध्ये हे दिसत नाही. म्हणून उजेड सहन होत नाही, आवाज सहन होत नाही, विसरायला होतं. ती नाटक करत नाहीये."

"अन् तो रस्ता?" शोभाताईने विचारलं. "कुठं चालली होती ते केव्हा आठवन?"

"बहुतेक कधीच नाही. ती आठवण लपून बसलेली नाही, बाई. ती मेंदूत नोंदलीच गेली नाही. जे नाहीच ते कोणतं मशीन काढणार?"

शोभाताई पडद्याकडे बघत राहिली. माग तिने जन्मभर पाहिले होते. ताणलेलं सूत वरून धड दिसतं, हात लावला की कळतं. एवढं तिला कोणी शिकवायला नको होतं. पण शंका अशी सहजासहजी मरत नाही.

"तो एक फोटो होता," ती घुटमळत म्हणाली, "जरा टक्कल पडलेला. लग्नातला. त्याच्यावर किती जागा झाला मेंदू?"

डॉक्टरांनी कागद चाळले. "हा? जेवढा तुमच्या शेजारणीवर झाला तेवढाच."

"बस?"

"बस. पण बरं झालं फोटोंचा विषय काढलात. मला तुम्हाला एक विचारायचंच होतं." त्यांनी पडद्यावर एक चेहरा आणला. "ही अनोळखीच्या पाकिटात होती. पहिल्यांदा दिसली तेव्हा मंजुषाताईंनी ओळखीचं बटण दाबलं. नंतर हाच फोटो पुन्हा पुन्हा दाखवला, तर दर वेळी अनोळखीचं दाबलं. पण मेंदू मात्र दर वेळी ओळखीचा चेहरा पाहिल्यासारखाच वागला. अगदी घरच्या माणसासारखा. असं एकाच फोटोच्या बाबतीत झालं. आता हा मार लागल्यामुळे झालेला घोटाळा असेल, तर मला काळजी वाटते. पण तुमच्या हातून फोटो चुकीच्या पाकिटात पडला असेल, तर काळजीचं काही नाही. ही बाई तिच्या ओळखीची आहे का?"

पडद्यावर रीता हसत होती.

 माय वं! डोक्यात एकदम सगळं उलटंपालटं झालं. रीताला मंजुषाने पाहिलं. कधी? कुठे? फोटो तर दुसरा नाही. म्हणजे समोरासमोर पाहिलं. पुन्हा पुन्हा पाहिलं, त्याशिवाय घरच्या माणसासारखी कशी होईल? आणि पाहिलं हे कळू नये यासाठी दर वेळी दुसरं बटण दाबलं. सुरत नाही, कुठलं काही नाही. बपेरा.

"बाई?" डॉक्टर म्हणाले.

"चुकीच्या पाकिटात पडला, साहेब," शोभाताई म्हणाली. "ओळखीचीच आहे ती. माह्या घरचीच आहे."

परत येताना बसमध्ये मंजुषाचं डोकं ठणकत होतं. ती ओढणी डोळ्यांवर ओढून, शोभाताईच्या खांद्याला न टेकता, स्वतःला सावरत झोपली होती. शोभाताईला तिला उठवून विचारावंसं वाटत होतं. पोरी, कशी आहे माझी रीता? बारीक झाली का? लेकरू आहे का तिला? पण ज्या तोंडाने इतके दिवस या पोरीला टोचलं, त्याच तोंडाने हे कसं विचारणार?

आणि घरी तर सभा बसलेली होती. तिनेच बसवलेली! खरं सांगावं, तर भैय्यालालचा डाग पुसला जाईल, पण रीताचा उंबरा ओलांडला म्हणून बाबूलाल त्याच पायरीवरून मंजुषाला परत पाठवेल. न सांगावं, तर बदचालीची म्हणून पाठवेल. दोन्हीकडून करडीच. मोहाडी येईपर्यंत शोभाताईने स्वतःला जेवढ्या शिव्या दिल्या, तेवढ्या जन्मात कोणाला दिल्या नसतील.

जागेश्वरराव येऊन बसले होते. टोपी काढून मांडीवर ठेवलेली, चहा समोर गार झालेला. भूपेंद्र खांबाला टेकून उभा होता. मंजुषा दारातच थांबली.

"काय निघालं मशीनमंदी?" बाबूलालने विचारलं.

"मार खरा निघाला," शोभाताई म्हणाली. "डॉक्टरनं दाखवलं मले. पोरगी खोटी नाही."

"ते राहू दे. बपेऱ्याले कोणाकडे चालली होती, ते सांग."

शोभाताईने पदर खोचला. तिला पक्कं काहीच माहीत नव्हतं. एका फोटोवरून बांधलेला अंदाज होता, आणि तो चुकला असता तर तोंड दाखवायला जागा नव्हती. तरी ती बोलली.

"रीताकडे. रीता बपेऱ्याले राहते."

ते नाव कित्येक वर्षांनी त्या घरात निघालं. बाबूलाल उभा राहिला. मंजुषाने दाराची चौकट धरली, आणि तिचा चेहरा पाहून शोभाताईला कळलं, की अंदाज चुकला नाही.

"कोणाले विचारून गेली?" बाबूलाल ओरडला. "मी काय सांगतलं होतं या घरात?"

"मले विचारून गेली," शोभाताई म्हणाली. "मीच पाठवलं तिले. माह्या पोरीची खबर घ्यायले मी पाठवलं. तुमाले कोणाले बाहेर काढाचं असन तर मले काढा. काढा ना! आता काहून गप?"

बाबूलालचं तोंड उघडं राहिलं. अख्खा कारभार जिच्या कमरेच्या किल्ल्यांवर चालतो, तिला कोण बाहेर काढणार? तो चपला घालून निघून गेला. जागेश्वररावांनी टोपीनेच डोळे पुसले. भूपेंद्र बायकोकडे जायला निघाला, पण दोन पावलांवर थांबला. त्याची वर बघायची हिंमत होत नव्हती.

शोभाताई स्वयंपाकघरात आली. तिला जरा बरं वाटत होतं. वाचवलं पोरीला! मागून मंजुषा आली.

"आई, तुमाले माहीत होतं रीताताईचं?"

शोभाताईने चहाचं आधण ठेवलं.

"मी तर लपून जात होती. एकदा तुमसरच्या बाजारात भेटल्या त्या, तवापासून. त्यांनी शपथ घातली होती का घरी सांगू नको. त्या दिवशीचं मले काहीच आठवत नाही. त्या दिवशी तुमीच पाठवलं होतं मले?"

"हं," शोभाताई म्हणाली.

मंजुषाने भिंतीचा आधार घेतला. मग हळूच म्हणाली, "मंग तुमी सांगतलं काहून नाही, आई?"

"काय?"

"सारे मले काय काय म्हणून राहिले होते. तुमी पण म्हणत होत्या. मले तर आठवत नव्हतं ना. मी त्या खोलीत पडून स्वतःलेच विचारत राहायची. रीताताईकडेच चालली असन, असं वाटे. मंग वाटे, नसन तर? कोणी पाहिलं? खरंच मी तशी बाई आहो का, अन् मलेच माहीत नाही? मी माह्यावरच संशय घेत होती, आई. अन् तुमाले ठाऊक होतं. एक शब्द बोलल्या असत्या तर..."

 शोभाताईला वाटलं, जमीन दुभंगावी. मारलं असतं पोरीने तर बरं झालं असतं.

"नाही वं पोरी," ती म्हणाली. "मी नव्हतं पाठवलं. मले काही माहीत नव्हतं. आज कळलं मले, त्या फोटोवरून. तुले वाचवाचं म्हणून खोटं बोलली मी तिथं. मी तर तुह्यावर संशय घेतला, भैय्यालालचा. मी पापी आहो, पण जाणूनबुजून तुले जाळलं नाही."

मंजुषा डोळ्यांवरून हात फिरवून, ठणकणारं डोकं सांभाळत, एकेक शब्द तपासल्यासारखी बघत राहिली.

"तिथं म्हणाल्या पाठवलं. इथं म्हणता नाही पाठवलं," ती म्हणाली. "माह्यापाशी तर तो दिवसच नाही, आई. तुमी सांगान तेच मले खरं धरा लागते. आता यातलं कोणतं धरू?"

शोभाताईने तिचा हात धरला. आयुष्यात पहिल्यांदा तिला मनापासून वाटत होतं की समोरच्या माणसाने आपल्यावर विश्वास ठेवावा, आणि समोर उभ्या पोरीला तो ठेवता येत नव्हता.